सयामचे सिंहासन

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याची हकिकत महाराष्ट्रात अनेकांच्या कानांवरून गेलेली असते. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत केले आणि पुढल्याच वर्षी त्यास रत्नागिरीस आणून ठेवले. सुमारे तीस वर्षे हा राजा कोकणात राहिला. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून पुरा झाला आणि १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला. ब्रह्मदेशाच्या पूर्वेकडील राज्यांची गत याहून निराळी नव्हती. कंबोज आणि लाओस फ्रेंचांच्या छत्राखाली गेले. व्हिएतनामचा तरुण सम्राट हाम-न्घी अल्जीरियात हद्दपार झाला. मलायातील सुलतान एकामागून एक इंग्रज सल्लागारांच्या तंत्राने चालू लागले. या सर्व पडझडीत एकच राज्य आणि एकच सिंहासन उभे राहिले, ते म्हणजे सयामचे. १९३९ साली या देशाने थायलंड हे नाव घेतले.

साताऱ्याचे राज्य १८४८ साली आणि नागपूरकर भोसल्यांचे १८५४ साली खालसा झालेले ज्यांनी आपल्या इतिहासात वाचले आहे, त्यांच्या मनात येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. जे साताऱ्यास, नागपुरास आणि मंडालेस साधले नाही, ते बँकॉकला कसे साधले? हा केवळ दैवाचा खेळ होता, की राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचे फळ? आणि या बचावाची किंमत अखेर कोणी मोजली? सयामच्या इतिहासाकडे वळावयाचे ते या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी.

थाई लोक ज्या मोठ्या मानववंशाचा आणि भाषाकुलाचा एक भाग आहेत, त्यास ‘ताई’ असे म्हणतात. चीनच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातून, विशेषतः आजच्या क्वांगसी प्रांताच्या आणि उत्तर व्हिएतनामच्या सीमाभागातून, हे लोक नद्यांच्या खोऱ्यांवाटे हळूहळू दक्षिणेस व पश्चिमेस पसरले. युनानमधील नानचाव हे राज्य थाई लोकांचे होते, १२५३ साली कुबलाईखानाच्या मोगल फौजांनी तेथील सत्ता मोडली आणि त्यामुळे थाई लोक एकाएकी दक्षिणेकडे लोटले, असे पूर्वी शाळांच्या पुस्तकांतून शिकविले जाई. आज हे मत मागे पडले आहे. नानचावचे राज्यकर्ते ताई भाषा बोलणारे नव्हते, असेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. ताई लोकांचे स्थलांतर हे एखाद्या पराभूत सैन्याचे पलायन नव्हते. भाताच्या खाचरासाठी ओली, सखल जमीन शोधत पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकणाऱ्या शेतकऱ्यांची ती वाटचाल होती.

याच वाटचालीची एक शाखा भारतातही आली, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. १२२८ साली सुकाफा नावाचा ताई सरदार पाटकाईचे डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. त्याने स्थापिलेले आहोम राज्य १८२६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षे टिकले. १६७१ साली सराईघाटच्या नाविक लढाईत औरंगजेबाच्या फौजेस परतवून लावणारा लाचित बरफुकन याच आहोम राज्याचा सेनापती. सह्याद्रीत शिवाजी महाराज ज्या बादशहाशी झुंजत होते, त्याच बादशहाशी त्याच काळात ईशान्येस ताई वंशाचे राज्य झुंजत होते.

मेनाम नदीच्या खोऱ्यात जे थाई उतरले, ते प्रथम कंबोजच्या ख्मेर सम्राटांचे मांडलिक म्हणून वावरले. तेराव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या सरदारांनी ख्मेर अधिकाऱ्यास हुसकून सुखोथाई येथे आपले राज्य उभारले. सुखोथाई म्हणजे सुखोदय. या राज्याचा सर्वांत कीर्तिमान राजा रामखम्हेंग. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला १२९२ चा शिलालेख थाई गद्याचा आद्य नमुना मानला जातो. त्याच्या अस्सलपणाविषयी काही संशोधकांनी शंका घेतली असली, तरी थाई मनावर त्याचा ठसा मोठा आहे. राजवाड्याच्या दारी एक घंटा टांगलेली असे. ज्याची काही फिर्याद असेल त्याने ती वाजवावी आणि राजाने स्वतः येऊन न्याय करावा, असे वर्णन त्यात आहे. रस्त्यावर जकात नाही, ज्याला हत्तीचा व्यापार करावयाचा त्याने हत्तीचा करावा, घोड्याचा करावयाचा त्याने घोड्याचा करावा, असेही तो लेख सांगतो. या राजाला प्रजा ‘फो खुन’ म्हणे. ‘फो’ म्हणजे बाप. मायबाप सरकार ही आपल्याकडील कल्पना तेथे राजाच्या बिरुदातच सामावलेली होती.

थाई राजपदाचा हा पहिला धागा. दुसरा धागा बौद्ध धर्माचा. बौद्ध परंपरेत पहिला राजा आकाशातून उतरत नाही. समाजात चोरी आणि भांडणे माजली तेव्हा लोकांनीच आपल्यातून एकास निवडले, आणि तो ‘महासंमत’, म्हणजे सर्वांना मान्य झालेला, ठरला. राजाने दान, शील, त्याग, अक्रोध, अहिंसा इत्यादी दहा राजधर्म पाळावेत, ही अपेक्षाही याच परंपरेतली. सुखोथाईचा राजा लिथाई याने चौदाव्या शतकात त्रैलोक्याच्या रचनेवर ग्रंथ रचला आणि ‘धर्मराजा’ हे बिरुद धारण केले.

तिसरा धागा मात्र याच्या उलट टोकाचा. १३५१ साली रामाधिपती नावाच्या राजाने अयुथ्या ही राजधानी वसविली. नाव उघडच आपल्या अयोध्येवरून घेतलेले. १४३१ साली अयुथ्येच्या सैन्याने ख्मेरांची राजधानी अंकोर जिंकली. जिंकलेल्यांनी जेत्यांस जिंकावे, असे इतिहासात अनेकदा घडते. अंकोरच्या दरबारातील ब्राह्मण पुरोहित, राज्याभिषेकाचे विधी, राजा हा शिवाचा वा विष्णूचा अंश ही कल्पना, हे सारे अयुथ्येच्या दरबारात शिरले. राजाशी बोलण्याची भाषाच निराळी झाली. संस्कृत, पाली आणि ख्मेर शब्दांनी ती घडविलेली होती. प्रजाजनाने राजास संबोधावयाचे ते त्याच्या चरणधुळीचा उल्लेख करून, आणि त्या संबोधनात आपला ‘धूली’ हा शब्द आजही जसाच्या तसा आहे. घंटा वाजवून ज्यास बोलवावे तो बाप मागे पडला. ज्याच्याकडे डोळे वर करून पाहू नये असा देव पुढे आला.

पंधराव्या शतकात त्रैलोक्यनाथ राजाने समाजाची उतरंडही कायद्याने बांधून टाकली. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा भातशेतीच्या मापात मोजली जाऊ लागली. मोठ्या मंत्र्याची योग्यता दहा हजार राय, साध्या कुळाची पंचवीस आणि गुलामाची पाच. प्रत्यक्षात इतकी जमीन त्या माणसाकडे असेच असे नाही. हा मानाचा आकडा होता. न्यायालयातला दंड आणि भरपाई याच आकड्याने ठरे. त्याखेरीज साध्या माणसास वर्षातील कित्येक महिने राजाची किंवा आपल्या धन्याची वेठ करावी लागे.

अयुथ्येचे वैभव चार शतके टिकले. पोर्तुगीज, डच, इंग्रज, जपानी, इराणी अशा नाना देशींच्या व्यापाऱ्यांच्या वसाहती तेथे होत्या. सतराव्या शतकात नारायण राजाने फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी वकिलाती सुरू केल्या आणि एका ग्रीक साहसी पुरुषाला, कॉन्स्टंटाइन फॉल्कन यास, आपला प्रमुख सल्लागार केले. १६८८ साली राजा मृत्युशय्येवर असता दरबारातील सरदारांनी फॉल्कनला ठार केले आणि फ्रेंच फौजेस देशाबाहेर घालविले. परकीयांस दाराशी येऊ द्यावे, मात्र किल्ली त्यांच्या हाती देऊ नये, हा धडा त्या प्रसंगातून सयामी दरबाराने घेतला.

अयुथ्येचा नाश झाला तो मात्र युरोपीयांच्या हातून नव्हे. ब्रह्मदेशाच्या फौजांनी वर्षाहून अधिक काळ वेढा घालून १७६७ च्या एप्रिलमध्ये ती नगरी जाळून बेचिराख केली. ग्रंथ, विहार, राजवाडे, सर्व काही त्या आगीत गेले. पानिपतचा आघात होऊन तेव्हा सहा वर्षे लोटली होती आणि इकडे थोरले माधवराव पेशवे विस्कटलेली घडी पुन्हा बसवीत होते. सयामातही त्याच तडफेचा पुरुष निघाला. ताकसिन हा चिनी बापाचा मुलगा. वेढ्यातून मूठभर स्वारांनिशी तो बाहेर पडला, त्याने सैन्य जमविले आणि तीन-चार वर्षांत सारा देश पुन्हा एका छत्राखाली आणला. पण त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही असे म्हणतात. १७८२ साली त्यास पदच्युत करून ठार करण्यात आले आणि त्याचा सेनापती चक्री गादीवर आला. हाच पहिला राम. नदीच्या पूर्व तीरावर त्याने बँकॉक राजधानी केली. तिच्या लांबलचक औपचारिक नावात महेंद्र, अयोध्या आणि विश्वकर्मा हे सर्वजण आहेत. त्याने रामकथा पुन्हा थाई काव्यात लिहवून घेतली आणि जळून गेलेल्या कायद्यांची नवी संहिता सिद्ध केली. आजचे राजघराणे हेच.

या घराण्यातील चौथा राजा मुकुट, थाई उच्चाराने मोंकुट, हा येथील कथेचा पहिला मुख्य पुरुष. गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. या काळात त्याने पाली ग्रंथांचा अभ्यास केला, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून इंग्रजी व लॅटिन शिकला, खगोलशास्त्रात गती मिळविली. रामखम्हेंगचा शिलालेख १८३३ साली त्याच्याच दृष्टीस पडला. चीनसारख्या बलाढ्य साम्राज्यास इंग्रजांनी अफूच्या युद्धात कसे नमविले, हे त्याने मठात बसून पाहिले होते. म्हणून १८५१ साली राजा झाल्यावर त्याने लढण्याऐवजी देवघेवीचा मार्ग धरला. १८५५ साली सर जॉन बाउरिंगशी झालेल्या तहाने सयामने आयात मालावर अवघी तीन टक्के जकात मान्य केली आणि इंग्रज प्रजाजनांवरील खटले चालविण्याचा आपला अधिकार सोडला. पाठोपाठ इतर पाश्चात्त्य राष्ट्रांशीही असेच तह झाले. सार्वभौमत्वाचा मोठा तुकडा गेला, पण एकाच राष्ट्राच्या मुठीत सापडण्याचे टळले.

आपल्या मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी मुकुट राजाने १८६२ साली ॲना लिओनोवेन्स नावाच्या बाईस नेमले. तिच्या पुस्तकांवरून पुढे कादंबरी, नाटक व चित्रपट झाले आणि सयामच्या राजाला माणसाळविणारी इंग्रज बाई अशी तिची ख्याती जगभर पसरली. आपला जन्म वेल्समध्ये झाला असे ती सांगे. संशोधकांनी जुनी दप्तरे तपासली तेव्हा उघड झाले की, तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला होता आणि तिचे लग्न पुण्यास लागले होते. मराठी मुलखात वाढलेल्या बाईने जगाला सयामचा राजा हा लहरी, रानटी जुलमी म्हणून दाखवावा, यात एक विपर्यास आहे. थाई लोकांना हे चित्र कधीच रुचले नाही. आणि ते साहजिकच होय, कारण खरा मुकुट राजा वेगळाच होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित त्याने स्वतः केले आणि खग्रास स्थिती कोठे दिसेल हे अचूक सांगितले. कोकणच्या किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून जी छाया गुंटूरकडे गेली, जेथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन दुर्बीण लावून बसला होता, तीच छाया पुढे सयामच्या किनाऱ्यावर पडली. राजाने दरबारी व परकीय पाहुण्यांसह ती पाहिली. परंतु त्या दलदलीच्या जागी त्यास हिवताप जडला आणि १ ऑक्टोबर रोजी तो निवर्तला.

त्याचा मुलगा चूडालंकरण, थाई उच्चाराने चुलालोंगकोर्न, पंधरा वर्षांचा असता गादीवर आला. १८७२ च्या आरंभी, अठराव्या वर्षी, तो भारतात आला. कलकत्ता, दिल्ली, आग्रा, लखनौ, मुंबई असा त्याचा प्रवास झाला. रेल्वे, छावण्या, कारखाने त्याने पाहिले. पण दिल्लीत दिसण्यासारखे आणखीही काही होते. लाल किल्ला तेथे होता, बादशहा मात्र नव्हता. चौदा वर्षांपूर्वी त्यास रंगूनला हद्दपार करण्यात आले होते. दिल्लीच्या दक्षिणेस दहा-अकरा कोसांवर, आजच्या फरीदाबाद जिल्ह्यात, बल्लभगड नावाचे एक लहान जाट संस्थान होते. त्याचा राजा नाहरसिंह याने १८५७ च्या उठावात बादशहाची बाजू घेतली. ९ जानेवारी १८५८ रोजी चांदणी चौकात त्यास फाशी देण्यात आले आणि संस्थान जप्त झाले. बल्लभगडातील त्याचा वाडा आजही उभा आहे. नव्या युगात राजाचे काय होऊ शकते, याचे धडे या शहरात जागोजागी होते. ते त्या तरुणाने किती वाचले याचा जमाखर्च मांडता येत नाही. पुढील अडतीस वर्षांचा त्याचा कारभार मात्र डोळ्यांसमोर आहे.

१८७३ साली सज्ञान झाल्यावर झालेल्या दुसऱ्या राज्याभिषेकाच्या वेळी त्याने पहिली आज्ञा दिली ती दरबारात जमिनीवर लोटांगण घालण्याची चाल बंद करण्याची. १८७४ मध्ये गुलामांच्या मुलांच्या क्रमाक्रमाने मुक्ततेचा कायदा झाला आणि १९०५ साली गुलामगिरी पूर्णपणे उठली. वेठीची जागा रोख कराने आणि लष्करी सेवेने घेतली. हे सारे एका फटक्यात झाले नाही. घाई केली तेव्हा जुन्या सरदारांनी डोळे वटारले. १८७४-७५ साली उपराजाशी कलह होऊन राज्य यादवीच्या काठावर आले. त्यानंतर राजा सावकाशीने चालला. त्याचा सावत्र भाऊ राजपुत्र दामरोंग याने १८९२ पासून गृहखाते सांभाळले. त्याने वंशपरंपरागत मांडलिकांच्या जागी पगारी अधिकारी नेमले, मुलखाचे प्रांत पाडले आणि महसूल थेट राजधानीत आणला. इंग्रजांनी भारतात व ब्रह्मदेशात जे कारभाराचे यंत्र उभारले होते, तेच सयामने आपल्या हातांनी आपल्या देशात उभारले. त्यामुळे देश सुधारावयाचा आहे म्हणून ताब्यात घेतो, असे म्हणावयाला परकीयांना जागा उरली नाही.

तरीही जमीन गेलीच. १८९३ च्या जुलैमध्ये फ्रेंच गनबोटी नदीच्या मुखावरील तोफांना न जुमानता बँकॉकपर्यंत आल्या आणि मेकाँगच्या डाव्या तीरावरील लाओस मुलूख सयामला सोडावा लागला. १९०७ साली अंकोरसह कंबोजचे पश्चिम परगणे फ्रेंचांस गेले. १९०९ साली केडा, केलांतन, त्रेंगानू आणि पर्लिस ही मलाय राज्ये इंग्रजांस मिळाली. या व्यवहारांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्रजांना आपल्या ब्रह्मदेशाच्या आणि फ्रेंचांना आपल्या हिंदी-चीनच्या मध्ये एक मोकळी पट्टी हवी होती. १८९६ सालच्या करारात दोघांनी मेनामचे खोरे उभयतांनी न गिळण्याचे ठरविले. शेजाऱ्यांचा हा मत्सर साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या वाट्यास आला नव्हता, तेथे इंग्रजांस प्रतिस्पर्धी उरला नव्हता. म्हणून सयाम वाचले ते केवळ शहाणपणाने असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. केवळ दैवाने असे म्हणणेही तितकेच चुकीचे. संधी भूगोलाने दिली, ती वाया जाऊ न देण्याचे काम राजाने केले.

पुरात झाड मोडते आणि लव्हाळे तग धरते, हा दाखला संतवाणीमुळे मराठी मनास परिचित आहे. सयामच्या मुत्सद्देगिरीचे वर्णन करताना थाई लोक वाऱ्याबरोबर वाकणाऱ्या वेळूचा दाखला देतात. परंतु लव्हाळे वाचले, तरी पुराचे पाणी कोणाच्या शेतावरून गेले, हेही विचारले पाहिजे. लाओस आणि मलाय राज्ये ही बँकॉकची अशी मालमत्ता झाली की, संकटात तिच्यावर व्यवहार व्हावा. तेथील लोकांस कोणी विचारले नाही. जो मलाय मुलूख सयामकडेच राहिला, त्या पट्टणीच्या भागात बँकॉकच्या एकछत्री कारभाराविरुद्धचा असंतोष शतकभर धुमसत राहिला आणि २००४ पासून त्याने रक्तपाताचे रूप घेतले.

दुसरा हिशेब घरातलाच. राजाने सरदारांची सत्ता मोडली आणि सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली. राज्य बळकट झाले, पण ते राजाचे, प्रजेचे नव्हे. वज्रायुध राजाच्या काळात शकुंतला, सावित्री आणि नल-दमयंती थाई रंगभूमीवर व काव्यात आल्या, पण राज्यघटना आली नाही. ज्या मुलांना राजानेच शिष्यवृत्त्या देऊन युरोपात पाठविले, तीच परतल्यावर विचारू लागली की, राजघराण्यात जन्मल्याखेरीज माणसाला वरिष्ठ पद का मिळू नये? २४ जून १९३२ च्या पहाटे त्यांनी रक्तपाताविना सत्ता घेतली. प्रजाधिपोक राजा त्या वेळी समुद्रकाठच्या ज्या वाड्यात होता, त्याच्या नावाचा अर्थ ‘चिंतेपासून दूर’ असा आहे. राजाने घटना स्वीकारली, पण नव्या सत्ताधाऱ्यांशी त्याचे जुळले नाही आणि १९३५ साली त्याने गादी सोडली. आपले अधिकार सर्व जनतेस देण्यास आपण राजी आहो, एखाद्या गटास नव्हे, असा त्याच्या त्यागपत्राचा आशय होता.

त्याच्यानंतर आनंद महीतल हा बालराजा आला. १९४६ साली गोळी लागून त्याचा मृत्यू झाला आणि त्याचा धाकटा भाऊ भूमिबल याने सत्तर वर्षे राज्य केले. खेड्यापाड्यांतून फिरून, पाटबंधारे आणि शेतीच्या योजनांत लक्ष घालून त्याने ‘फो खुन’ची जुनी प्रतिमा पुन्हा जिवंत केली. १९९२ साली रस्त्यांवर रक्त सांडले, तेव्हा परस्परांचे वैरी झालेले दोन नेते त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेले देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. पण याच सत्तर वर्षांत सेनापतींनी पुनःपुन्हा सत्ता बळकावली आणि प्रत्येक वेळी राजाच्या संमतीची मोहोर त्यांनी मागितली. २०१७ ची राज्यघटना ही १९३२ पासूनची विसावी. २०१६ साली भूमिबल निवर्तला आणि त्याचा मुलगा वज्रालंकरण गादीवर आला. २०२० साली हजारो विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन राजसंस्थेतच सुधारणा मागितली. राजाच्या अवमानास तीन ते पंधरा वर्षांची कैद सांगणारा कायदा सौम्य करण्याचे आश्वासन देऊन ज्या पक्षाने २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकल्या, तो पक्ष घटना न्यायालयाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये विसर्जित केला.

थाई राजपदाच्या इतिहासात बाप, धर्मराजा आणि देव अशी तीन रूपे एकमेकांत गुंफलेली आहेत. ज्या ज्या वेळी राजाने काही सोडले, मुलखाचा तुकडा असो, लोटांगणाचा मान असो वा गुलामांवरील हक्क असो, त्या त्या वेळी सिंहासन स्थिर झाले. परकीयांशी हा व्यवहार सयामने वेळेवर केला, म्हणून त्याच्या राजाला रत्नागिरी पाहावी लागली नाही. आपल्याच प्रजेशी करावयाचा व्यवहार मात्र अजून पुरा व्हावयाचा आहे. सुखोथाईच्या दारावरील घंटेची गोष्ट थाई मुले आजही शाळेत शिकतात. ती घंटा वाजविणाऱ्याला आत बोलवावयाचे की शिक्षा करावयाची, याच्या निर्णयावरच त्या सिंहासनाचे पुढील आयुष्य अवलंबून राहील.